अंगठ्यासाठी दोन खळगे

६ जानेवारी २०२५, सोमवार

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू, आजपर्यंत:

दुतोंडी पाने चारशे बारा. पाइप पाने एकोणीस. पकडी सहा, त्यातली एक फसली, पण मोजली. बेंच वाइस चार. पंख्याच्या मोटरीवर चालणारं ड्रिल मशीन एक. माय झोपते ती लोखंडी खाट. छिन्न्या मोजल्या नाहीत, छिन्नी कोणीही करतो.

शाळा नववीपर्यंत. आयटीआय नाही. भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतल्या माझ्या वर्कशॉपच्या भिंतीवर सर्टिफिकेट नाही, कॅलेंडर आहे. तरी स्टील प्लांटमधले फिटर आपल्या पैशाने माझा पाना घेऊन जातात.

माझ्या प्रत्येक पान्यावर दोन खुणा असतात. दांड्याच्या मधोमध उलटा N, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अंगठा बसावा म्हणून एकेक उथळ खळगा. दोन्ही माझ्या डोक्यातले नाहीत. बाबांचे आहेत.

हे लिहून ठेवायचं कारण: निखाडे टूल्सला येत्या १ मे रोजी पासष्ट वर्षं होतात. कंपनी पुस्तक काढणार आहे, गेटवर पाटी बसवणार आहे. माझा मुलगा हर्षल त्यांच्या सेल्स ऑफिसात आहे. तो सांगतो, पहिल्या दहा वर्षांचा एकही कागद कंपनीकडे नाही. संस्थापक बाबाराव निखाडे यांनी १९६० साली कॅम्प-१ मध्ये एका शेडात पाने करायला सुरुवात केली, एवढंच. कंपनीचा मार्का मात्र सगळ्या दुर्ग-भिलाईला माहीत आहे: उलटा N.

तो उलटा का, हे आमच्या घरात माहीत आहे. बाबा, म्हणजे जानराव नंदेश्वर, अठ्ठावन साली भंडाऱ्याकडून आले आणि साठ साली बाबारावांकडे लागले. वाचता येत नव्हतं. बाबारावांनी कागदावर N काढून दिला, म्हणाले याचा ठसा काप. ठशावर अक्षर उलटं कापावं लागतं तेव्हा ते लोखंडावर सरळ उमटतं, हे बाबांना कोणी सांगितलं नाही. त्यांनी जसं दिसलं तसं कापलं. उमटलं उलटं. बाबाराव हसले आणि तेच ठेवलं. हे बाबांनी मला स्वतः सांगितलं, मी आठ वर्षांचा असताना.

अकराव्या वर्षी मी तसाच ठसा कापून त्यांच्या हातावर ठेवला होता. आमचं आडनावही N चं. बाबांना एकच डोळा होता, त्या एका डोळ्यातून पाणी आलं. तोच ठसा मी आजही वापरतो.

मला पाटीवर एक ओळ पाहिजे: पहिला ठसा जानराव नंदेश्वर यांनी कापला. बाकी काही नको. ती ओळ मी पुराव्यानिशी मिळवणार.

१२ जानेवारी, रविवार

मायला विचारायला बसलो. वय त्र्याऐंशी, ऐकू नीट येतं.

"माय, बाबा भट्टीवर किती वाजेपर्यंत राहत?"

"भट्टी? भट्टी तं मंग आली. तू पोटात होता तवा."

मी सत्तरचा. पाने साठचे. मायचं दहा वर्षांनी चुकतं. वय झालं.

"मंग तू काय पाहे?"

"मी काय पाहू? डोळे पाहू. रोज संध्याकाळी तुह्या बापाच्या डोळ्यातून लोखंड काढावं लागे. सायकलच्या डायनमोतला चुंबक होता, थो धरू. चुंबकानं नाई निंघालं तं जिभेनं."

घणाच्या ठिणग्या. डावा डोळा त्यातच गेला, माझ्या जन्माच्या आधी. ही गोष्ट पुस्तकात यायला पाहिजे. लिहून घेतली.

माझी बायको दुर्गा स्वयंपाकघरातून म्हणाली, "चारशे बारा पाने बराबर ध्यानात राह्यते, अन सिलिंडर कवा लावला थे नाई सांगता येत."

१९ डिसेंबर. सांगितलं. तर म्हणाली, "बावीस." तपासलं. बावीसच.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिल्या काळातले तीन पाने माझ्याजवळ आहेत, बाबांच्या पेटीतले. आज व्हर्निअरने मापं घेतली.

माप: १७-१९, २२-२४, २७-३०. तिन्ही मिलिमीटरमध्ये. तेव्हा बाजारात पाने मिळायचे इंच-सुताचे. साठ साली कॅम्प-१ मधला एक न शिकलेला माणूस मिलिमीटरमध्ये पाने करतो! इंजिनिअर लोकांना हे पुढे दहा वर्षांनी सुचलं.

जाडी: N जिथे आहे तिथे ६.० मिमी. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यात ५.४. तिन्ही पान्यांत फरक एक दशांशाच्या आत. म्हणजे अंदाजाने नाही, ठरवून. माल वाचावा, वजन कमी व्हावं, वर अंगठाही बसावा. एका घावात तीन कामं. मी चाळीस वर्षं हे खळगे जसेच्या तसे उतरवत आलो, पण आज मोजल्यावर कळलं की माझे ५.५ येतात. बाबांचा हात माझ्यापेक्षा खरा होता.

हर्षलने वहीचे फोटो काढले. "प्रितम सर को दिखाना है पप्पा." प्रितम म्हणजे बाबारावांचा नातू, आताचा मालक. काढ म्हटलं. अक्षर वाचता येईल असं काढ.

१६ फेब्रुवारी, रविवार

प्रितम निखाडे स्वतः आला. कॅम्प-१ च्या गल्लीत त्याची गाडी शिरेना, तर पावर हाऊस चौकाच्या बाजूला उभी करून चालत आला. माझ्या स्टुलावर बसला, दुर्गाने दिलेला चहा प्यायला. माणूस नम्र आहे.

"काका, जानरावबाबा म्हणजे आमच्या कंपनीचा पायाचा दगड. तुमी जे लिहून राहिले ना, ठसा, मिलिमीटर, अंगठ्याचे खळगे, हे आमच्याकडं कोनालेच सुचलं नसतं. सगळं लिहून द्या. तुमच्या सहीनं."

मी म्हटलं, "पुरावा पक्का झाल्याशिवाय सही करत नसतो मी."

"करा ना पक्का. एकच सांगतो. जुने पाने कुठं दिसले, भंगारात, खेड्यात, तं बाहेर कोनाले दाखवाच्या आधी मले दाखवा. कंपनीच्या संग्रहाले पायजेत."

मोठ्या धंद्यातल्या माणसाला जुन्या वस्तूंची एवढी कदर पाहून बरं वाटलं. तो गेल्यावर दुर्गा म्हणाली, "पायाचा दगड म्हने. पायाचा दगड मातीतच राह्यते ना?"

तिला प्रत्येकात काहीतरी दिसतं.

९ मार्च, रविवार

उतईला केवलरामकडे गेलो. त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, माझे पाच पाने त्याच्याकडे आहेत. त्याच्या वडिलांची तेलकट पेटी उलथली. तळाशी एक पाना निघाला, ३२-३६.

 जसं आहे तसं लिहितो.

घडण बाबांच्या पान्यांचीच. तोंडाचा कोन तोच, दांड्याचा उतार तोच. खळगे नाहीत. खळग्यांच्या जागी अक्षरं आहेत. एकूण पाच. पहिलं तंबूसारखं. दुसरं O. मधोमध उलटा N. चौथं ३ च्या इंग्रजी आकड्यासारखं. पाचवं गंजात गेलेलं.

कोणीतरी बाबांचा मार्का चोरला. नुसता चोरला नाही, आजूबाजूला आपली अक्षरं घालून मिरवला. आणि खळगे काढायची अक्कल नाही म्हणून सपाट ठेवलं.

केवलरामला विचारलं कोणाचा आहे. म्हणाला, "ददा के जमाना के हे भइया. ले जाव." बापाच्या वेळचा, एवढंच त्याला माहीत.

प्रितमला अजून दाखवला नाही. आधी चोर कोण ते शोधतो.

११ मार्च, मंगळवार

दुर्गाच म्हणाली, सेक्टर सहामधल्या विजयाताईंना दाखवा, त्या नोकरीत होत्या तेव्हा परदेशी कागद वाचायच्या. मी कोणाला विचारायला जात नाही. जे आलं ते स्वतः पाहून, मोडून, पुन्हा जोडून आलं. पण ही अक्षरं मोडून पाहता येईनात.

ताई अंगणात बसल्या होत्या. चष्मा लावला, पाना उजेडात धरला, आणि लगेच हसल्या.

"पुंडलिकभाऊ, जन्म भिलाईत गेला तुमचा आणि हे ओळखलं नाही? रशियन आहे. कुठल्यातरी कारखान्याचं नाव असेल. प्लांट उभारायला त्यांचे लोक इथे होते तेव्हाचं."

"आणि हा उलटा N?"

"N नाही हो तो. त्यांचा 'इ' आहे."

"पण उलटा का काढला?"

"उलटा नाही. सरळच आहे. त्यांच्याकडे असाच लिहितात."

मी पाना परत मागितला. ताई म्हणाल्या, पाणी तरी घ्या. घेतलं नाही. स्कूटर चालू करायचं लक्षात आलं नाही, सेक्टरच्या चौकापर्यंत ढकलत नेली.

घरी येऊन बाबांचे तीन पाने आणि हा, चारही एका रेषेत मांडले. इ वर इ जुळवला. तंबू आणि O, दोन्ही बसले डाव्या खळग्यात. ३ आणि गंजलेलं अक्षर, उजव्या खळग्यात. इकडे तिकडे अर्धा मिलिमीटरही नाही.

तिथे अंगठा नव्हता. अक्षरं होती. घासून टाकलेली.

मिलिमीटरचंही त्यातच आलं. लिहीत नाही.

१२ मार्च, बुधवार

मायच्या खाटेजवळ बसलो. पाना तिच्या हातात दिला. तिने अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हा राहून गेला वाटते," म्हणाली.

"माय, बाबा पाने करत नोते?"

"मंग केले ना. भट्टी आल्यावर केले. आधी घासत होता. बाबाराव प्लांटच्या लिलावातून पेट्याच्या पेट्या आने. तुहा बाप साणीवर बसे. चार अक्षरं घासाचे, मधलं ठेवाचं. बाबाराव म्हने हा आपलाच N हाये, फक्त तोंड फिरवून बसला हाये."

"अन ठसा? ठसा त्यानं कापला म्हने."

"आपल्या घरात ठसा पहिल्यांदा तूच कापला."

"मले कावून नाई सांगितलं? पंचावन्न वर्षं मी..."

"तू कवा इचारलं? तू तं सांगत होता. लहानपनापासून सगळ्याले सांगत होता, माह्या बापानं कापलं, माह्या बापानं कापलं."

"बाबानंच सांगितलं होतं!"

"तू शाळेतून आला अन इचारलं, बाबा हे उलटं कावून हाये? त्याले लाज वाटली. डोळा गेला कशात, तं दुसऱ्याचं नाव पुसन्यात, असं लेकराले सांगावं का? म्हने मी कापलं, चुकलं माह्यं. मंग तू तसाच ठसा कापून आनला. थो ठसा पाहून थो रडला बाप्पा. आता सांग, त्याच्यानंतर कसं सांगावं त्यानं?"

मला वाटलं होतं आनंदाने रडले.

मी विचारलं, तो जिवंत होता चौऱ्याण्णवपर्यंत. माझे दोनशे पाने त्याने हातात धरून पाहिले. प्रत्येक पान्याच्या खळग्यात अंगठा ठेवून "बराबर बसला" म्हणायचा. ते काय होतं?

माय म्हणाली, "बसतच असन मंग."

आज पहिल्यांदा मायला न जेवू घालता वर्कशॉपमध्ये गेलो. दुर्गाने घातलं असेल.

४ एप्रिल, शुक्रवार

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं केलं नाही.

आज कंपनीच्या ऑफिसात गेलो. उतईचा पाना प्रितमच्या टेबलावर ठेवला. मला वाटलं तो दचकेल. त्याने उचललासुद्धा नाही.

"कुठं भेटला काका? म्हटलं होतं ना, आधी मले दाखवा."

"तुमाले माहीत होतं."

"आजोबाच्या कपाटात असे अकरा हायेत."

"मंग माह्याकडून कावून लिहून घेऊन राहिले?"

"कारण तुमची गोष्ट चांगली हाये. खरंच सांगतो. आमी एजन्सीले पैसे दिले, त्यायले असं नाई जमलं. अनपढ कामगार, एक चूक, अन त्या चुकीचा ब्रँड होते. रशियाच्या पेट्या कोनाले ऐकाच्या हायेत? अन तुमी लिहिलं की कोनी शंका नाई घेत. सगळ्याले माहीत हाये, पुंडलिक नंदेश्वर मापाशिवाय बोलत नाई."

हर्षल दाराजवळ उभा होता. मोबाइलकडे पाहत होता, पण मोबाइल बंद होता. काळ्या काचेत दिव्याची नळी दिसत होती.

"तुले माहीत होतं?"

"पप्पा, यहाँ नहीं."

"कवापासून?"

"जनवरी से. सर ने वो कपाट दिखाया था." मग मराठीत आला, घरातल्यासारखा. "मी कशाले सांगू पप्पा? दादाजीचं नाव गेटवर येऊन राहिलं होतं. तुमाले तेच तं पायजे होतं ना? तुमी किती खूश होते. वही घेऊन बसाचे तं जेवाले नाई उठाचे."

म्हणजे माझ्या वहीचे फोटो काढताना त्याला माहीत होतं. मी "अक्षर वाचता येईल असं काढ" म्हणत होतो, तेव्हाही.

प्रितमने कागद पुढे केला. त्यांचा प्रस्ताव टाइप करून तयार होता, तारीख एक मार्चची. माझा पुरावा पक्का व्हायच्या आधीची.

मी म्हटलं, पाटीला माझी ना नाही. पैसा नको. फक्त मजकूर माझा. त्यांच्याच पेनने, त्या कागदाच्या मागे लिहून दिला:

"या कंपनीचे पहिले पाने रशियन होते. त्यांवरची अक्षरे जानराव नंदेश्वर यांनी साणीवर घासली. त्यात त्यांचा डावा डोळा गेला."

प्रितमने दोनदा वाचलं. हसला नाही, हे कबूल करतो. "काका, असं गेटवर कोन लावते?"

"मंग पहिलंही लावू नका."

"दोन दिवस विचार करा."

"मोजून झालं," म्हटलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. वर्कशॉप बंद. दारावर निळा झेंडा लावला. हर्षल पांढरा शर्ट घालून आला, मायच्या पाया पडला, दुर्गाशी बोलला, मिरवणुकीत गेला. माझ्यासमोरून दोनदा गेला.

दुर्गा म्हणाली, "त्याचं प्रमोशन अडकलं हाये तुमच्या सहीपाई. माहीत हाये का?"

माहीत नव्हतं. तरी सही नाही.

स्वतःला विचारलं: हे खऱ्यासाठी आहे की रागासाठी? मी जसा फसलो तसं दुसऱ्यांनी फसू नये म्हणून, की मी फसलो हे प्रितमला माहीत आहे म्हणून? राग जास्त आहे, एवढं मोजता येतं.

२२ एप्रिल, मंगळवार

नवीन ठसा कापला. ठशावर उलटा, म्हणजे लोखंडावर सरळ. साधा N. दहा मिनिटांचं काम, पूर्ण सकाळ लागली. हात सवयीने जुन्या बाजूला जात होता.

पाना क्रमांक चारशे तेरा. २२-२४. सरळ N. खळगे नाहीत. दांडा सपाट, जाडी सगळीकडे ६.०. केवलराम दुपारी घेऊन गेला. संध्याकाळी उतईहून परत आला, तेवढ्यासाठी.

"भइया, येमा अंगठा नइ बइठत हे."

"ते अंगठ्यासाठी नव्हतंच केवलराम."

"त काबर बनाए रहे?"

याला काय सांगू? चाळीस वर्षं का केलं? पुसलेल्या नावाची मी मापं घेतली आणि पुन्हा पुन्हा पुसत बसलो, चारशे बारा वेळा, जिथे काही लिहिलेलंच नव्हतं तिथे?

तो शेल्फवरचा जुना पाना उचलून गेला. चारशे नववा. जाताना खळग्यात अंगठा ठेवून पाहिला, मान हलवली. बाबांसारखीच.

चारशे तेरावा माझ्यापुढे आहे. चांगला आहे. हातात धरला की मला पण काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

१ मे, गुरुवार

समारंभाला गेलो नाही. हर्षलला जावं लागलं. साडेअकराला त्याने पाटीचा फोटो पाठवला.

काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. जसं आहे तसं उतरवतो:

"आद्य संस्थापक कै. बाबाराव निखाडे. अक्षरओळख नसताना त्यांनी स्वतःच्या हाताने कंपनीचा पहिला ठसा कापला. तो उलटा उमटला, आणि इतिहास घडला. अंगठ्यासाठी दोन खळगे ही त्यांचीच देणगी."

बाबाराव मॅट्रिक होते.

वाक्यं माझ्या वहीतली आहेत. "अंगठ्यासाठी दोन खळगे" हे शब्द माझे आहेत. फक्त एक नाव घासलं आणि दुसरं ठेवलं. काम सफाईने केलेलं आहे, फोटोत घासल्याची जागा दिसत नाही.

मायला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबारावचे दोन्ही डोळे शाबूत होते," आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

संध्याकाळी हर्षल आला. वर्कशॉपच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "पप्पा, साण चालू करू का? पान्यायचे तोंड घासाचे राह्यले ना." मी म्हटलं, चष्मा लाव आधी. त्याने लावला.

नोंद पूर्ण असावी म्हणून शेवटी लिहून ठेवतो.

मी नाकारलेला प्रस्ताव, निखाडे टूल्स, दिनांक १ मार्च २०२५: गेटवर ग्रॅनाइटची पाटी, तिच्यावर "पहिला ठसा कापणारे कै. जानराव नंदेश्वर", पुस्तकात चार पानं, फोटोसह, मला "वारसा सल्लागार" हे पद, तीन वर्षं, बदल्यात माझ्या सहीचं निवेदन, बाबांचे तीन पाने, आणि यापुढे मिळेल तो प्रत्येक न घासलेला पाना कंपनीच्या ताब्यात. रक्कम रुपये सात लाख एक्कावन्न हजार.